नागपूरचे वकीलसाहेब आणि आमचं दुसरं अपील (४/५)

नाल्याकाठच्या वावराची केस आम्ही तालुक्याला जिंकलो आणि जिल्ह्याला हरलो. खरेदीखतात क्षेत्र ५ एकर अन् पूर्वेची सीमा 'नाल्यापर्यंत'. तिथवर मोजलं की १२ गुंठे जास्त भरतात. जिल्ह्याच्या कोर्टानं आकडा धरला, सीमा सोडली. धुऱ्यालगतची पट्टी शेजाऱ्याची ठरली.

भाच्यानं सिव्हिल लाइन्समधल्या वकीलसाहेबांचा नंबर दिला. मी पिशवी भरून नेली: विहिरीचे फोटो, बियाण्याच्या पावत्या, गावातल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि फी सांगायच्या आधी दोन्ही निकाल वाचायला घेतले. पाऊण तास वाचत होते. मग म्हणाले, "भाऊ, वावर कोण वाहत होतं, कोणता साक्षीदार खरा, हे उच्च न्यायालय आता सहसा पुन्हा तपासत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०० आहे. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला तरच दुसरं अपील ऐकतात." १९७६ च्या दुरुस्तीनं ही अट घातली, हे मला तिथंच कळलं.

आमच्या केसमध्ये त्यांना असा एकच प्रश्न दिसला: खतातलं क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील, तर काय धरायचं? हक्काच्या दस्ताचा अर्थ लावणं हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. सगळं अपील त्यावरच उभं केलं. एवढ्यानं काय होणार, अशी मला धास्ती होती. पण खोटी आशा न दाखवणारा वकील मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटला.

मुदत ९० दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. नकलेचा अर्ज मी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टाकला होता, त्याचा फायदा झाला. अपील दाखल झालं म्हणून खालचा हुकूम आपोआप थांबत नाही, हेही साहेबांनीच सांगितलं. शेजाऱ्यानं हुकमाच्या अंमलबजावणीची दरखास्त टाकलीच होती, म्हणून स्थगितीचा वेगळा अर्ज सोबतच लावला.

तक्रार एक आहे, अन् ती लहान नाही. कागदांचं इंग्रजी भाषांतर ऑफिसनं बाहेरून करून घेतलं. त्यात 'नाल्यापर्यंत'चं 'नाल्याजवळ' झालं. ज्या शब्दावर केस उभी, तोच शब्द! बारावीतल्या माझ्या मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पान वाचताना ते पकडलं. साहेबांनी चूक कबूल केली, रात्री नऊला पान बदलून घेतलं. तरी एक तारा त्यासाठीच कापला. मुनशी फोन उचलत नाही, तारीख मोबाइलवर आपणच पाहावी लागते. मराठी कागदांचं भाषांतर घरच्या कोणाकडून तरी वाचून घ्याच.

पहिल्या सुनावणीत न्यायमूर्तींनी तोच प्रश्न नोंदवून अपील ऐकायला घेतलं आणि स्थगिती दिली. अंतिम सुनावणी कधी लागेल, याची हमी साहेबांनी दिलेली नाही. यंदा त्या पट्टीत तूर आम्हीच पेरली आहे.