पाठीतलं इंजेक्शन: स्पायनल की एपिड्युरल?

‘सिझरला पाठीत सुई टोचली, तेव्हापासून कंबर धरते,’ असं सांगणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असतेच. ही सुई कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीची; तिचे दोन प्रकार, स्पायनल आणि एपिड्युरल. खापर सुईवर फुटतं, पण जुनाट कंबरदुखीला ती सहसा जबाबदार नसते. सुईने मज्जारज्जूला इजा होईल, ही भीतीही फारशी खरी नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू जेमतेम ४५ सेंटीमीटरचा, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपणारा. त्याखाली, मज्जारज्जूच्या आवरणातल्या पाण्यासारख्या द्रवात लोंबतो तो घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका.

स्पायनलची बारीक सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या फटीतून, ते आवरण भेदून, थेट त्या पाण्यात जाते. औषध दोन-तीन मिलिलिटरच, पण काही मिनिटांत पाय ओंडक्यासारखे जड. असर साधारण दीड-दोन तास. एवढ्यात सिझर आटोपतं.

एपिड्युरल आवरणाच्या बाहेरच थांबतं. औषध जास्त लागतं, गुण यायला १५-२० मिनिटं. पण बारीक नळी आत ठेवलेली असते, त्यामुळे कळा लांबल्या तरी डोस वाढवता येतो. नैसर्गिक बाळंतपणात वेदना कमी करायला म्हणूनच एपिड्युरल बरं. ठरलेल्या सिझरला मात्र स्पायनलच सुटसुटीत.