टोइंगसाठी जुनी फोर व्हील ड्राइव्ह घ्यायचीय? आमच्या २०१२च्या पजेरोचा रिव्ह्यू

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, आणि सासरे वर्षातले काही महिने इथे असतात. सेकंड हँड कॅरव्हॅन घेतलीय, तिचं एटीएम (पूर्ण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाची मर्यादा) २३०० किलो, म्हणजे पाणी गॅस भांडीकुंडी सगळं भरून त्याच्या वर एक किलो जायला नको. ती ओढायला गाडी हवी होती. अटी तीन, पाच माणसं ऐसपैस बसली पाहिजेत, नुसती ऑल व्हील ड्राइव्ह नको तर लो रेंज (अगदी हळू पण जोरात ओढणारे गिअर) असलेली खरी फोर व्हील ड्राइव्ह पाहिजे, आणि वीस हजार डॉलरच्या आत बसली पाहिजे. शेवटी घेतली मित्सुबिशी पजेरो, एनडब्ल्यू मॉडेल, ३.२ लिटर डिझेल ऑटोमॅटिक. आता बऱ्यापैकी फिरून झालंय, ओळखीतले बरेच जण विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण सगळे इथेच फसतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "३ टन ओढते", आणि आपण तेवढंच बघतो. पजेरोचा ब्रेक्ड टोइंगचा (ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असताना किती ओढता येतं त्याचा) आकडा एनटी मॉडेलपासून (२००९च्या आसपासचं) ३००० किलो आहे हे खरं, पण त्याच मॅन्युअलमध्ये टोबॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकवतात त्यावर) येणाऱ्या भाराचीही मर्यादा दिलीय. ट्रेलर २५०० किलोपर्यंत असेल तर टोबॉलवर २५० किलो चालतात, आणि २५०० ते ३००० च्या मधे असेल तर फक्त १८०. आता इथल्या कॅरव्हॅनचा टोबॉलवरचा भार साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के असतो, मग २८०० किलोची व्हॅन लावली तर २८० यायला लागले, आणि परवानगी १८० ची. म्हणजे कॅरव्हॅनवाल्यांसाठी पजेरो ही २५०० किलोची गाडी आहे, ३००० ची नाही. हे समजून घेतली तर या बजेटमध्ये हिच्यासारखी गाडी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आमच्या घरात सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं तर सासऱ्यांच्या. ते कराडचे, आयुष्यभर ट्रॅक्टरला ट्रॉली लावून ऊस कारखान्यावर पोचवला. आम्ही लॅपटॉपवर गाड्या बघत होतो, हॉर्सपॉवर किती टॉर्क किती चाललं होतं, तर बाबा मागून म्हणाले, "अगं, ओढण्याचं सोड, हुकावर किती भार येतो ते बघितलंस का?" मग त्यांनी नीट समजावलं. दोनचाकी ट्रॉलीत ऊस मागच्या बाजूला जास्त भरला की हुक वर उचलला जातो आणि ट्रॉली रस्त्यावर झोके खायला लागते, पुढे जास्त भरला की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. कॅरव्हॅनचं गणित डिट्टो हेच आहे. टोबॉलवर भार कमी पडला की फ्रीवेवर ट्रक बाजूने गेला रे गेला व्हॅन शेपूट हलवायला लागते, जास्त झाला की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो आणि ब्रेक न् स्टिअरिंग दोन्हीचा दम जातो. आम्ही टोबॉलचा वजनकाटा विकत घेतला आणि प्रत्येक वेळी निघायच्या आधी बाबा स्वतः मोजतात. पाण्याची टाकी भरलेली असताना एक आकडा येतो, रिकामी असताना दुसरा, त्यामुळे अंदाजाने अजिबात जाऊ नका.

दुसरं गणित पेलोडचं, म्हणजे गाडीत किती वजन घालता येतं त्याचं. पजेरोचं जीव्हीएम (पूर्ण भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा) ३०३० किलो आहे आणि गाडीचं स्वतःचं वजन साधारण २३०० धरा, म्हणजे उरले सातशेच्या आसपास. त्यातून पाच माणसांचे तीनशे गेले, टोबॉलवरचे २२० गेले (हो, टोबॉलवरचा भार गाडीच्याच पेलोडमधून जातो, हे खूप जणांना माहितीच नसतं), राहिले १८०. त्यात टोबार आहे, फ्रीज आहे, टूल्स आहेत, मुलांच्या सायकली आहेत. जुन्या गाडीला आधीच्या मालकाने स्टीलचा बुलबार, रूफ रॅक, दुसरी बॅटरी, ड्रॉवर असं सगळं लावलेलं असतं आणि बघायला भारी वाटतं, पण तो प्रत्येक किलो तुमच्या माणसांच्या वाट्यातून जातो. आम्ही मुद्दाम साधी, काही न लावलेली गाडी शोधली. पब्लिक वेब्रिजवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) एकदा सगळं भरून, सगळी माणसं बसवून वजन करून घ्या, फार पैसे लागत नाहीत आणि डोक्याची कटकट मिटते.

पजेरोचा एक मोठा प्लस पॉइंट म्हणजे जीसीएम (गाडी आणि ट्रेलर मिळून वजनाची मर्यादा) ६०३० किलो, म्हणजे गाडी पूर्ण भरलेली आणि मागे पूर्ण ३००० चा ट्रेलर, दोन्ही एकदम कागदावर बसतात. सगळ्या गाड्यांचं असं नसतं. हिचीच धाकटी बहीण पजेरो स्पोर्ट घ्या, २०१५ च्या शेवटी आली, टोइंग ३१०० किलो म्हणजे हिच्यापेक्षाही जास्त दिसतं, पण जीव्हीएम २७१० आणि जीसीएम ५४००. बेरीज करून बघा, गाडी पूर्ण भरली तर मागे २७०० च्या आतच थांबावं लागतं. गाडी वाईट नाहीये, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे, डिझेल कमी पिते, चौघांचं कुटुंब आणि १८०० किलोची व्हॅन असेल तर मी म्हणेन तीच घ्या. आमच्या पाच जणांना आणि बाबांच्या गुडघ्यांना ती अरुंद पडली.

बाकीच्या ज्या बघितल्या त्या पटकन सांगते. प्राडो १५० ची तीन लिटर डिझेल, गाडी म्हणून सुरेखच, दोन टाक्या मिळून १५० लिटर डिझेल मावतं, पण टोइंग २५०० आणि तेवढ्याच किलोमीटरच्या गाडीला पजेरोपेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. शिवाय त्या इंजिनात इंजेक्टरच्या सीलकडे लक्ष द्यावं लागतं. नंतरची २.८ लिटरवाली आमच्या बजेटच्या बाहेर, आणि तिच्या ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० मधल्या गाड्यांच्या डीपीएफवरून (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरवरून) कोर्टात मोठी केस झालेली आहे, त्यामुळे घेणार असाल तर डीपीएफवर काय काम झालंय ते कागदावर बघा. इसुझू एमयू-एक्स दणकट, इंजिन जबरदस्त, ३००० किलो, पण जुन्या मॉडेलची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट टाइम आहे, डांबरी रस्त्यावर लावता येत नाही, याबद्दल खाली बोलते. क्लुगर आणि सांता फे दोन्ही घरासाठी छान पण २००० किलोच्या आणि लो रेंज नाही, शिवाय २०१२ नंतरच्या सांता फेची टोबॉलची मर्यादा जास्तीचं किट न लावता फक्त १०० किलो. कॅम्पर ट्रेलर असेल तर ठीक, कॅरव्हॅनला नको.

आता चालवायला कशी आहे. १४७ किलोवॅट, ४४१ न्यूटन मीटर, आणि ते २००० आरपीएमलाच मिळतं, त्यामुळे चढाला गाडी बोंबलत नाही. बॅलरॅटकडे जाताना बॅकस मार्शच्या पुढे पेंटलँड हिल्सचा जो लांबलचक चढ आहे ना, तिथे व्हॅन लावून मी स्वतः चालवलीय, ऑटोमॅटिक स्वतःहून पाचव्यात जायला बघतं, मग परत चौथ्यात, परत पाचव्यात, आणि या झटापटीत गिअरबॉक्सचं तेल तापतं. त्यामुळे व्हॅन मागे असली की स्पोर्ट मोडला घेऊन चौथ्यातच ठेवायची, उतारालाही तिसरा-चौथा, मग ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. इंजिनाचा आवाज मात्र आहे, जुन्या पद्धतीचं मोठं चार सिलिंडरचं डिझेल आहे, खडखडतं. व्हॅनसकट शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा लिटर पिते, समोरून वारा असेल तर आणखी. टाकी ८८ लिटरची आहे म्हणून निभावतं.

आणि या गाडीवर माझा जीव जडलाय तो सुपर सिलेक्टमुळे, म्हणजे हिच्या फोर व्हील ड्राइव्हच्या पद्धतीमुळे. गिअरच्या बाजूला छोटा दांडा आहे, टू एच (दोन चाकं ओढतात), फोर एच (चारही), मग सेंटर लॉक, मग लो. यातलं फोर एच तुम्ही डांबरी रस्त्यावर बिनधास्त वापरू शकता कारण मधे सेंटर डिफरन्शिअल आहे (पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, सेंटर लॉक तोच बंद करतं), आणि शंभरच्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत टाकता येतं. पार्ट टाइमवाल्या गाडीत पावसाळी ओल्या रस्त्यावर मागची दोनच चाकं ओढत असतात, आणि मागे दोन टन व्हॅन असताना राउंडअबाउटवर निघताना चाक घसरलं की काळजाचा ठोका चुकतो. पजेरोत पाऊस सुरू झाला की दांडा एक खाच मागे, डॅशबोर्डवर चार चाकांचे हिरवे दिवे लागतात, संपलं. पुढचं मागचं ओढण्याचं प्रमाण ३३:६७ आहे त्यामुळे स्टिअरिंगही जड होत नाही. कॅम्पसाइटवर चिखलात किंवा चढावर व्हॅन रिव्हर्स घालायची असेल तर लो रेंजसारखं सुख नाही, ॲक्सिलरेटरला नुसतं बोट लावल्यासारखं करायचं आणि गाडी मुंगीच्या पावलाने मागे सरकते. फक्त लो मध्ये सेंटर लॉक असतं, म्हणून कडक कोरड्या जमिनीवर स्टिअरिंग पूर्ण वळवून हे करू नका, सगळा ताण आतल्या दातांवर येतो.

न आवडलेलंही सांगते. मागचं दार बाजूला उघडतं आणि त्याच्यावरच स्टेपनी आहे. व्हॅन लावलेली असताना दार पूर्ण उघडतच नाही, व्हॅनच्या जॉकी व्हीलच्या (पुढच्या छोट्या टेकूच्या चाकाच्या) हँडलला अडतं. वाटेत डबा काढायचाय, फ्रीज उघडायचाय, तर मागच्या सीटवरून वाकून काढा. आता आम्ही खाण्याची पिशवी मुलांच्या पायाशीच ठेवतो. तिसरी रांग लहान मुलांपुरतीच. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग वगैरे आधुनिक सेफ्टी काही नाही, आणि ज्यांना ते हवंच आहे त्यांनी जास्त पैसे टाकून नवीन गाडीकडे जावं, इथे तडजोड करा असं मी कुणाला सांगणार नाही.

घेताना काय बघायचं ते आता. पहिलं म्हणजे इंजिन थंड असताना बघायला जा, विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज येतोय का ऐका, या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि जास्त चाललेल्या गाड्यांत ती सैल होऊ शकते, काम महागात जातं. दुसरं, आयडलवर आरपीएमचा काटा वरखाली होतोय किंवा गाडी मधेच बंद पडतेय असं दिसलं तर सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह (डिझेलचा पुरवठा सांभाळणारा) खराब असू शकतो, हा पार्ट फार महाग नाही, पण भाव करताना बोला. तिसरं डीपीएफ. आधीच्या मालकाने फक्त शाळा ते घर दोन दोन किलोमीटर चालवली असेल तर तो चोंदलेला असण्याची शक्यता जास्त, लांब चालवलेली गाडी बरी, किलोमीटर जास्त दिसले तरी घाबरू नका.

आणि खाली वाका. एक गाडी आम्हाला वरून आरशासारखी चकचकीत दाखवली होती, विकणाऱ्याने सांगितलं फक्त शहरात चाललीय. मी चटई टाकून खाली गेले तर टोबारच्या वेल्डिंगपाशी गंजाचे पापुद्रे सुटत होते, मागच्या आर्मच्या खोबणीत बारीक वाळू भरलेली, आणि टोबारच्या प्लगमधल्या पिना हिरव्या पडलेल्या. खाऱ्या पाण्यात बोट उतरवणारी गाडी होती ती. आम्ही नमस्कार करून निघालो.

कागदपत्रांत पीपीएसआर चेक (सरकारी नोंदींची तपासणी) दोन डॉलरला होतो, गाडीवर कर्ज आहे का, राइट-ऑफ (मोडीत काढलेली) झालीय का ते कळतं, तेवढा कराच. व्हिन (चॅसिस) नंबर टाकून टकाटा एअरबॅगचा रिकॉल पूर्ण झालाय का बघा, २०१८ च्या सक्तीच्या रिकॉलमध्ये या पजेरो होत्या. आणि व्हिक्टोरियात रोडवर्दी सर्टिफिकेट आहे म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत आहे असं नाही, ते फक्त सेफ्टीपुरतं असतं, वेगळा मेकॅनिक नेऊन तपासणी कराच.

गाडीच्या किमतीवर थोडे पैसे बाजूला ठेवा. २००० किलोच्या वरच्या ट्रेलरला सगळ्या चाकांवर ब्रेक आणि ते ड्रायव्हरच्या सीटवरून चालवता येणं कायद्याने लागतं, म्हणजे इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलर आला, तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा. गिअरबॉक्सचा जादा ऑइल कूलर आम्ही पहिल्याच महिन्यात लावला आणि तेल पूर्ण बदललं. रुंद टोइंग आरसे लागतात. मुलगा आता लर्नरवर आहे, त्याला आत्ताच सांगून ठेवलंय की लाल पी (नव्या लायसन्सच्या पहिल्या टप्प्याची पाटी) असेपर्यंत व्हिक्टोरियात ट्रेलर ओढता येत नाही, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं चाक माझ्या आणि नवऱ्याच्याच हातात. तुमची व्हॅन २५०० च्या आत असेल, माणसं पाच असतील आणि सर्व्हिस बुक भरलेलं मिळालं तर एनडब्ल्यू किंवा एनएक्स (त्यानंतरचं मॉडेल) डोळे झाकून नाही, पण गाडीखाली वाकून बघून नक्की घ्या.