अनेक ट्रायथलॉनच्या हंगामासाठी ट्रेनिंगपीक्सचा वार्षिक आराखडा

एकाच हंगामात तीन-चार ट्रायथलॉन करू इच्छिणाऱ्या हौशी खेळाडूसाठी ट्रेनिंगपीक्स या सराव-नियोजनाच्या अॅपमधील वार्षिक सराव आराखडा मला अत्यंत उपयुक्त वाटतो, कारण तो सर्वांत आधी स्पर्धांचा अग्रक्रम ठरवायला लावतो. प्रत्येक स्पर्धेला ए (सर्वांत महत्त्वाची), बी किंवा सी दर्जा द्यायचा असतो. गोव्याची आयर्नमॅन ७०.३, म्हणजे १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकलिंग आणि २१.१ किमी धावणे, ही ‘ए’ ठेवली, तर तिच्या आधीच्या, तिच्याहून लहान असलेल्या ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धा सराव फारसा न घटवता तयारीचाच भाग म्हणून करता येतात. प्रत्येक स्पर्धेपूर्वी आठवडे-दोन आठवडे सराव कमी करत गेल्यास पाया कधीच पक्का होत नाही, आणि हा मोह टाळणे हेच अशा नियोजनाचे खरे मर्म आहे.

सरावभाराचा आलेख विशेष दाद देण्याजोगा आहे. साधारण ४२ दिवसांच्या भारित सरासरीवरून तंदुरुस्ती, ७ दिवसांच्या सरासरीवरून थकवा आणि दोहोंतील फरकावरून ताजेपणा कळतो. त्यामुळे दोन स्पर्धांमध्ये तीनच आठवडे असतील, तेव्हा सावरण्यासाठी किती दिवस राखावेत याचा अंदाज बांधता येतो.

मात्र पॉवर मीटरवरून, म्हणजे सायकल चालवताना लावलेली शक्ती मोजणाऱ्या उपकरणावरून, काढलेल्या भारात किनारपट्टीवरचा दमटपणा धरला जात नाही, म्हणून कोकण-गोव्यातील उकाड्यात केलेली सायकलिंग आलेखात प्रत्यक्षाहून हलकी दिसते. तेथे झोप आणि सकाळची नाडी यांवर अधिक विश्वास ठेवावा. वार्षिक आराखड्याची ही सुविधा सशुल्क सदस्यत्वात मिळते. वर्षाला एकच स्पर्धा करणाऱ्याला तिची फारशी गरज नाही.