चिमणीवरचं मीटर की कुंपणावरच्या नळ्या?

पेट्रोकेमिकल कारखान्याच्या जनसुनावणीत प्रदूषण मोजण्यासाठी नेमकं काय मागायचं, असं रायगडातल्या एका मित्राने विचारलं.

चिमणीवरचं ऑनलाइन मीटर सल्फर डायऑक्साइड, धूलिकण वगैरे सतत मोजून आकडे थेट प्रदूषण मंडळाकडे पाठवतं. यंत्र महाग, आणि कॅलिब्रेशन (प्रमाणाशी ताडून यंत्र जुळवणं) चुकलं की आकडे शोभेचे. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्येच १७ प्रकारच्या उद्योगांना ते लावायला सांगितलंय, पेट्रोकेमिकलही त्यात आलं. तेव्हा मीटर नको, आकडे मागा.

पण बेन्झीन, म्हणजे कर्करोगकारक रसायनाची वाफ, बरंचसं झिरपतं ते व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइपांचे जोड), टाक्यांतून. चिमणीला त्याचा पत्ताच नसतो! अमेरिकेने २०१५ च्या नियमाने रिफायनऱ्यांच्या कुंपणाभोवती हवेतलं बेन्झीन शोषून घेणाऱ्या नळ्या लावायला लावल्या. वीज लागत नाही. दर १४ दिवसांनी नळी प्रयोगशाळेत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी नोंदीतल्या फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमवर गेली, की गळती शोधून दुरुस्ती. खोट एकच: रात्री तासभर सुटलेला वायू सरासरीत बुडतो.

भट्टी-बॉयलरच्या धुराची तक्रार असेल, तर मीटरचे आकडे पुरेत. कुंपणाला लागून वस्ती असेल, तर नळ्यांचाच आग्रह धरा.