आधी मुख्य विषय की आधी सामान्य अभ्यासक्रम?

कॅलिफोर्नियातील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाऊ पाहणाऱ्या माझ्या भाचीपुढे पेच आहे: हाताशी असलेल्या 60 सेमिस्टर युनिटांत (श्रेयांकांत) मुख्य विषयाची पूर्वतयारी आधी करावी की कॅल-जीईटीसी, म्हणजे राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत चालणारा विविध विषयांचा सामान्य अभ्यासक्रम? वेळेच्या दृष्टीने पहिला पर्याय कठोर आहे, कारण अभियांत्रिकी-विज्ञानासाठी लागणारे कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचे विषय साखळीसारखे एकामागून एकच घ्यावे लागतात आणि एक सत्र हुकले तर पुढचे सारेच लांबते. सामान्य अभ्यासक्रमाच्या 34 युनिटांचा क्रम बराच लवचिक असतो, आणि मुख्य विषय बदलला तरी ती वाया जात नाहीत. निवडीत मात्र अभियांत्रिकी शाखा पूर्वतयारीलाच अधिक वजन देतात. म्हणून माझ्या मते, अभियांत्रिकी वा विज्ञान पक्के ठरलेल्यांनी कॉलेजचे कोणते विषय विद्यापीठात ग्राह्य धरले जातात हे दाखवणाऱ्या ‘असिस्ट’ संकेतस्थळावरील, आपल्याला हव्या असलेल्या विद्यापीठाची विषययादी आधी पूर्ण करावी. विषय अजून ठरलेला नसेल, किंवा त्याची पूर्वतयारी थोडकीच असेल, तर सामान्य अभ्यासक्रमापासून आरंभ करणे हिताचे आहे.