इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास: आधी नोंदवही की आधी नकाशा?

इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, इतिहास शोधायचा म्हटलं की बहुतेक जण आधी चर्चच्या नोंदवह्या उघडतात. घराण्याचा माग काढायचा असेल तर ते बरोबरच आहे. पण गाव समजून घ्यायचं असेल, तर मी टाइद नकाशापासून, म्हणजे चर्चच्या करासाठी काढलेल्या शेतांच्या नकाशापासून, सुरुवात करायला सांगेन.

नोंदवहीचं मोल तिच्या जुनेपणात आहे. 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा हुकूम निघाला आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी सुरू झाल्या. त्यांच्या नकला फ्रीरेज (FreeREG) सारख्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, त्यामुळे पुण्यात बसूनही बरंच काम होतं. मात्र क्वेकर, बाप्टिस्ट अशी वेगळ्या पंथांची कुटुंबं तिथे फारशी भेटत नाहीत आणि 1642 नंतरच्या यादवी युद्धात अनेक गावांच्या नोंदी तुटल्या. तारखाही जपून वाचाव्या लागतात. 1752 पूर्वी तिथलं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, म्हणून वहीतला फेब्रुवारी 1700 आपल्या हिशेबाने 1701 चा.

टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. 1836 च्या कायद्याने तो रोखीत ठरवायचा झाला आणि त्यासाठी शेत न् शेत मोजलं गेलं. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक. सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, क्षेत्रफळ, जमीन नांगराखाली की गवताखाली. आपला गावनकाशा आणि सातबारा एका जागी मिळावा, तसंच हे. त्याला 1841 ची जनगणना जोडा, म्हणजे त्या नावांना वय आणि धंदा मिळतो. जन्मगाव मात्र 1851 च्या जनगणनेत बघायचं. टाइद नकाशाची सरकारी प्रत लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सगळ्याच गावांचे नकाशे झाले नाहीत, हे ध्यानात ठेवा. नॉर्थम्प्टनशरसारख्या भागात सामाईक शेतं कुंपणबंद करतानाच टाइदचाही निकाल लावलेला असे. तिथे एन्क्लोजरचा, म्हणजे या कुंपणबंदीचा, निवाडा मागवा.

या दोन्हींत भूमिहीन मजुराचं जगणं मात्र निसटतं. ते सापडतं गरिबांच्या मदतनिधीच्या हिशेबवह्यांत. 1601 च्या कायद्यापासून 1834 पर्यंत पॅरिशच आपल्या गरिबांना पोसत असे, त्यामुळे कुणाला जोडे दिले, कुणाच्या घरी सरपण पोचवलं, कुणाच्या शवपेटीचा खर्च उचलला, हे सगळं तिथे येतं. मदत मागणारा नेमका कोणत्या पॅरिशचा, हे ठरवायला त्याचा जबाब घेत: जन्म कुठला, वर्षभर चाकरी कुणाकडे केली, लग्न कधी झालं. ज्यांना सहीसुद्धा येत नव्हती अशा माणसांची आयुष्यं या कागदांत उरली आहेत. मला हे कागद सर्वांत मोलाचे वाटतात, पण ते टिकले असतील याची खात्री नसते. म्हणून आधी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, अभिलेखागाराची सूची बघा. तुमच्या पॅरिशचे जबाब तिथे असतील, तर नकाशाही बाजूला ठेवून त्यांच्यापासूनच सुरुवात करा.