कोंबड्यांसाठी पिपराझिनचं जंतनाशक: माझा अनुभव
तांबडीचा तुरा फिका पडला, छातीचं हाड हाताला टोचायला लागलं. खाणं मात्र चालूच. मग विष्ठेत शेवईसारखा पांढरा, बोटाएवढा लांब जंत दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी विष्ठा तपासून गोलकृमी असल्याचं सांगितलं, पिपराझिन दिलं. रात्री पाणी काढून ठेवलं, सकाळी औषधाचं पाणी समोर ठेवताच सगळ्या तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी विष्ठेत जंतांचे पुंजके! औषध उत्तमच, पण कोवळ्या जंतांवर फारसं चालत नाही, म्हणून २-३ आठवड्यांनी दुसरा डोस हवाच. पट्टकृमी (फितीसारखे चपटे जंत) किंवा कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळे होणारा आजार) असेल तर याचा उपयोग नाही, तेव्हा आधी तपासणी कराच. अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.